डोंबिवलीतल्या एका फ्लॅटमधली बुरशी: एका कामाची पूर्ण नोंद

पार्श्वभूमी

डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, तळमजला अधिक चार मजल्यांची एक सोसायटी आहे. बांधकाम १९९८ चं. लिफ्ट नाही. बाहेरून रंग लागून अकरा वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या घराबद्दल लिहितोय, त्यात चौघं राहतात: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आजी. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरातल्या बाईंना मी ताई म्हणत असे, इथेही तसंच म्हणतो.

ओल, गळती आणि बुरशीची कामं मी बरीच वर्षं करतो आहे. त्यातलं हे काम सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण या एका घरात बुरशी तीन वेगवेगळ्या कारणांनी आली होती आणि घरातले, शेजारी, सोसायटी मात्र चौथ्याच कारणावरून भांडत होते. तिसरं कारण तर वर्षभर मलाही दिसलं नाही.

खोलीची मांडणी आधी सांगतो. आजी आणि नात झोपतात ती छोटी खोली इमारतीच्या नैऋत्य कोपऱ्यात आहे. तिची पश्चिमेची भिंत म्हणजे डेड वॉल, एकही खिडकी नसलेली, गच्चीपासून जमिनीपर्यंत सपाट. दक्षिणेला सरकत्या काचांची ॲल्युमिनियमची खिडकी. उत्तरेची भिंत साडेचार इंची, तिच्या पलीकडे नवरा-बायकोची एसी असलेली खोली. या भिंतीला चिकटून छोट्या खोलीत जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत प्लायवुडचं कपाट. आपल्याकडे मोसमी पाऊस नैऋत्येकडून येतो आणि या इमारतीसमोर त्या बाजूला आडोसा असा काही नाही. जून ते सप्टेंबर त्या कोपऱ्यावर पावसाचा थेट मारा होतो.

तक्रार आणि आधी झालेले उपाय

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ताईंचा फोन आला. मुलीचा खोकला महिनाभर हटत नव्हता, रात्री नेब्युलायझर लावावा लागत होता. डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, घरात ओल आहे का? त्या प्रश्नाने त्या घाबरल्या होत्या. घाबरणं चूक नव्हतं. घरातली ओल-बुरशी आणि खोकला, दमा यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली याच विषयावरच्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट नोंदवला आहे.

छोट्या खोलीचं दार उघडलं की कुबट वास अंगावर यायचा. पश्चिमेची भिंत मात्र दिसायला चकचकीत होती. मे महिन्यात एका ठेकेदाराने ३८ हजार रुपये घेऊन तिच्यावर पीव्हीसीची पॅनेल ठोकून दिली होती. त्याआधीची तीन वर्षं दर दिवाळीला खरवडणं, पुट्टी, रंग असा क्रम चालला होता आणि दर जुलैला पोपडे सुटत होते. म्हणून यंदा कायमचा इलाज, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ओल झाकली गेली. पण भिंतीला लागणारी उरलीसुरली हवाही बंद झाली.

कपाटातली गोष्ट वेगळीच. मागची प्लाय काळपट झाली होती, कपड्यांवर भुरा धरला होता, आजींच्या इरकली लुगड्यांवर पांढरे-हिरवे ठिपके आले होते. ताईंनी आधी ब्लीच मारून पाहिलं. जमेना म्हणून त्यावरच संडास साफ करायचं ॲसिड ओतलं आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागून खोलीबाहेर पळाल्या. या दोन्ही वस्तू एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. मी कुठल्याही घरी गेलो तर हे आधी सांगतो, बाकी सगळं नंतर.

आणि घरातल्या सगळ्यांची खात्री होती की पाणी वरच्या काकांच्या घरातून येतंय. काकांनी दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छोट्या खोलीच्या कोपऱ्यात बेसिन आणि वॉशिंग मशीन बसवलं होतं, त्याचा पाइप डेड वॉलमधून बाहेर काढला होता. ताईंच्या यजमानांनी सोसायटीला दोन पत्रं दिली होती. दोन्ही घरांमधलं बोलणं थांबलं होतं. दिवाळीचं ताट वर जायचं, तेही बंद झालं होतं.

पाणी येतंय कुठून

अशा वेळी मी ओल मोजायचा मीटर बाहेर काढण्याआधी एक प्रश्न विचारतो: वरचं घर शेवटचं बंद कधी होतं?

ताईंनी सहज सांगितलं, "आत्ताच की. काका-काकू वारीला गेले होते. चार-पाच दिवसांपूर्वी आले."

म्हणजे वीस-एक दिवस घराला कुलूप. मी वर जाऊन काकांना विचारलं. निघताना त्यांनी पाण्याचा मुख्य कॉक बंद केला होता. आणि याच वीस दिवसांत खाली पॅनेलच्या फटींतून पाणी ओघळून जमिनीवर आलं होतं. हे दोन्ही ताईंना माहीत होतं. एकापुढे एक ठेवून पाहिलं नव्हतं इतकंच. भांडण सुरू झालं की माणूस पुरावा शोधत नाही, जे दिसतं त्यात पुरावाच पाहतो.

तरी सोसायटीच्या दप्तरात तोंडी हिशेब चालत नाही. म्हणून सेक्रेटरींना समोर ठेवून काकांच्या बेसिनमध्ये आणि मशीनमध्ये लाल रंग मिसळलेलं पाणी सोडलं, जमिनीवरच्या पाणी जायच्या जाळीचं तोंड बंद करून खोलीच्या त्या कोपऱ्यात चोवीस तास पाणी तुंबवून ठेवलं. खाली लाल थेंबही आला नाही.

मग पश्चिमेच्या भिंतीची पाळी. पॅनेलमागे काय आहे ते पाहण्यासाठी मी एक पॅनेल उचकटलं. मागची लाकडी पट्टी काळी ठिक्कर, भिंतीवरचं पीओपी सादळलेल्या बिस्किटासारखं मऊ, आणि कोपऱ्यात मखमलीसारखी दाट बुरशी. मी फोटो काढले, पॅनेल परत टेकवून ठेवलं आणि निघालो. त्या रात्री मुलीला दोनदा नेब्युलायझर लावावा लागला. कोरडी, दाट बुरशी हलली की तिचे लाखो बीजाणू हवेत उडतात, हे मला माहीत होतं. खोलीला प्लास्टिकचा पडदा न लावता, घरात मूल असताना मी ते पॅनेल काढायला नको होतं. पाहण्यासाठी एका फटीतून बारीक कॅमेरा सरकवला असता तरी भागलं असतं. ती चूक माझी होती आणि मी ताईंना तसं सांगितलं.

पुढची चाचणी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची. फूटभर फॉइलचा चौकोन भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. फॉइलच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असेल तर ते खोलीतल्या हवेतलं पाणी आहे. पश्चिमेच्या भिंतीच्या उघड्या पट्ट्यावर मागची बाजू ओली, पुढची कोरडी. म्हणजे पाणी बाहेरून, भिंतीतून.

गच्चीवरून वाकून आणि समोरच्या इमारतीच्या जिन्यातून दुर्बिणीने पाहिल्यावर वाटा दिसल्या. कॉलम आणि वीटकाम जिथे मिळतात तिथे उभी चीर, पार चौथ्या मजल्यापासून. सिमेंट काँक्रीट आणि वीट उन्हा-पावसात सारखं फुगत-आकसत नाही. सांध्यावर जाळी न लावता गिलावा केला की तिथे चीर पडतेच. चौथ्या मजल्याच्या पट्ट्याजवळ पिंपळाचं हातभर रोप आणि त्याची मुळं थेट चिरेत. आणि काकांच्या पाइपभोवतीचं भोक बुजवलेलंच नव्हतं. काकांचं पाणी गळत नव्हतं, पण त्यांच्या भोकातून पावसाचं पाणी आत शिरत होतं. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या भोकाचा खर्च माझा."

कपाटामागची भिंत

उत्तरेच्या भिंतीवर त्याच फॉइलने उलटा निकाल दिला. कपाट पुढे ओढून मागे फॉइल लावलं होतं. सकाळी मागची बाजू कोरडी खडखडीत आणि खोलीकडच्या बाजूवर दवासारखे थेंब.

या भिंतीचं कोडं समजायला थोडा हिशेब लागतो. छोट्या खोलीत २९ अंश तापमान आणि ८४ टक्के सापेक्ष आर्द्रता होती. अशा हवेचा दवबिंदू साधारण २६ अंश. म्हणजे त्या खोलीत २६ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमणारच, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमतं तसंच. पलीकडच्या खोलीत रात्रभर १८ वर एसी. मधली भिंत साडेचार इंची. सकाळी साडेसहाला इन्फ्रारेड थर्मामीटरने कपाटामागची भिंत २३ ते २४ अंश दाखवत होती. बुरशी म्हणूनच एसीच्या खोलीत नव्हती. तिथली हवा एसीने कोरडी केली होती. बुरशी होती एसी नसलेल्या खोलीत, जिथे कोणाला तिचं कारण शोधायचं सुचत नाही.

कपाट भिंतीला चिकटलेलं, मागे हवा हलायला जागा नाही, प्लाय म्हणजे बुरशीचं खाद्य. आणि खोलीत दोरीवर कपडे वाळत होते. पावसाळ्यात दुसरं करणार काय? पण पाहा. ही खोली दहा बाय अकरा, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. २९ अंशांना इतक्या हवेत जास्तीत जास्त ८५० ग्रॅम पाणी मावतं. ८४ टक्के आर्द्रता म्हणजे त्यातले ७१५ ग्रॅम आधीच भरलेले. उरली १३५ ग्रॅमची, एका लहान पेल्याची जागा. मशीनमधून पिळून निघालेल्या एका खेपेच्या कपड्यांत दोनेक लिटर पाणी असतं. ते सगळं याच खोलीत सुटायचं आणि घरातल्या सर्वांत थंड जागी, म्हणजे कपाटामागे, जाऊन बसायचं.

ताईंना डॉक्टरांनी, नातेवाइकांनी, सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळू द्या. कोरड्या प्रदेशात आणि आपल्याकडेही हिवाळ्यात हा सल्ला बरोबर आहे. पण जुलैत बाहेरचीच हवा २८ अंश आणि ९० टक्क्यांची असते. उघड्या खिडकीने पाणी बाहेर जात नाही, आत येतं. आंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफ पंख्याने बाहेर फेकणं हे वेगळं, आणि ते केलंच पाहिजे.

पुढे असलेले मार्ग

जुलै संपत आला होता. समोर तीन मार्ग होते.

पहिला: लगेच भिंत फोडून नवा गिलावा. यजमानांना हाच हवा होता, त्यांची वाट पाहायची तयारी राहिली नव्हती. पण बाहेरून पाणी येत असताना आतून कितीही चांगला गिलावा केला तरी तो ओल्या विटांवर बसणार, आणि पावसात परांची बांधून बाहेरची चीर भरता येत नाही. हे काम सप्टेंबरपर्यंत फुकट गेलं असतं.

दुसरा: बुरशीनाशक फवारून वरून बुरशीरोधक रंग. स्वस्त, दोन दिवसांत होणारं. माझा त्याला विरोध होता. मेलेली बुरशीही श्वासात गेली की ॲलर्जी होते. ती मारून भागत नाही, काढावी लागते. ओलसर गिलाव्यावर बसवलेला घट्ट रंग फुग्यासारखा सुटतो, हे त्या घराने तीन वर्षं पाहिलं होतं.

तिसरा: आत्ता फक्त बुरशीग्रस्त माल काढायचा, खोली कोरडी ठेवायची, भिंत उघडी सोडायची, पावसाळा संपला की बाहेरून दुरुस्ती, आणि गिलावा मार्चमध्ये. म्हणजे आठ महिने सोललेल्या भिंतीसोबत राहायचं. हा मार्ग सुचवणं सोपं आणि त्या घरात राहणं अवघड, याची मला जाणीव होती.

आजींनी एकच विचारलं, "पोरीला बरं वाटेल ना यानं?" मी म्हटलं, "औषधाचं डॉक्टर बघतील, आजी. पण वास जाईल आणि ही काळी वस्तू घरात राहणार नाही, एवढं मी सांगतो." त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि निर्णय झाला. तिसरा मार्ग.

साफसफाईचे दोन दिवस

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक साधा संकेत आहे: साधारण १० चौरस फुटांपेक्षा कमी जागेतली बुरशी घरातला माणूस काळजी घेऊन स्वतः साफ करू शकतो. इथे पश्चिमेच्या भिंतीवर ४५ चौरस फूट आणि कपाटाची आख्खी पाठ होती. आजी आणि नातीला चार दिवस बदलापूरला मामाकडे पाठवलं. या वेळी त्यात तडजोड केली नाही.

दाराला जाड प्लास्टिकचा दुहेरी पडदा, कडा चिकटपट्टीने बंद. खिडकीच्या एका काचेच्या जागी बाहेर हवा फेकणारा पंखा, म्हणजे खोलीतली हवा घरात न येता बाहेरच जाईल. छताचा पंखा बंद, स्विचवर टेप, कोणी सवयीने लावू नये म्हणून. आम्ही तिघं, एन ९५ मास्क, चष्मे, कोपरापर्यंत हातमोजे. पॅनेल काढण्याआधी फटीतून पाण्याचा बारीक फवारा, म्हणजे बुरशी उडणार नाही. लाकडी पट्ट्या आणि खरवडलेलं पीओपी जागेवरच दुहेरी पिशव्यांत बांधून पिशव्या बाहेरून पुसून खाली नेल्या. गिलावा वाजवून पाहिला. जिथे पोकळ आवाज आला तिथे विटेपर्यंत काढला. मग हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा व्हॅक्यूम, मग डिटर्जंटच्या पाण्याने पुसणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हॅक्यूम. कोरडा ब्रश एकदाही नाही, झाडूही नाही. ब्लीच वापरलं नाही, कारण गिलाव्यासारख्या सच्छिद्र वस्तूत त्यातलं पाणी आत मुरतं आणि क्लोरीन वरच्यावर राहतो. मुळाला उलट ओलच मिळते.

कपाटाची पाठ काढून टाकली. बाजूच्या फळ्या सनमायकाच्या होत्या, त्या पुसून वाचल्या. कपडे गरम पाण्यात धुऊन निघाले. लुगडी धुतली नाहीत. ती एसीच्या खोलीत पूर्ण वाळवून मग गच्चीवर मास्क लावून मऊ ब्रशने झटकली. जुन्या कागदपत्रांच्या दोन फायली ओलसर होत्या. त्या पिशवीत बंद करून फ्रिजच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. गोठवल्याने बुरशी मरतेच असं नाही, पण वाढ थांबते आणि सवडीने वाळवता येतं.

खरा प्रश्न आला आजींच्या कापसाच्या गादीचा. लग्नातली गादी, यजमानांच्या जन्माआधीची. भिंतीकडची कड काळी झाली होती. आजींचा आग्रह होता की पिंजाऱ्याला बोलावून कापूस पिंजून घेऊ, नवी खोळ घालू. मनाला पटणारा उपाय, पण याहून वाईट काही सुचवता आलं नसतं. पिंजणं म्हणजे आतला प्रत्येक बीजाणू मोकळा करून हवेत सोडणं, तेही पिंजाऱ्याच्या नाकासमोर. मी फोनवर नुसतं "टाकून द्या" म्हटलं आणि त्या दुखावल्या. ताईंनी बदलापूरला जाऊन त्यांना समजावलं. गादी गेली. जुन्या खोळीचं कापड गरम पाण्यात धुऊन, उकळून निघालं. त्याची उशी शिवली.

त्याच आठवड्यात ताईंकडे डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, विकत घेतलं, १७ हजारांचं. खिडकी-दार बंद करून दिवसाचे बारा तास चालवायचं. पहिल्या आठवड्यात रोज सात-आठ लिटर पाणी निघालं. ते बादलीत पाहून यजमान पहिल्यांदा म्हणाले, "हे सगळं आपल्या हवेत होतं?" तिसऱ्या आठवड्यात ते तीन लिटरवर आलं आणि आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांवर स्थिरावली. यंत्राने खोली एक-दोन अंश तापते, आजींना त्याचा त्रास झाला, म्हणून ते त्या झोपायला येण्याआधी बंद करायचं ठरलं. एसी १८ वरून २६ वर आणला. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे आणि पायांवर उचललं. कपडे वाळवायची दोरी बाथरूममध्ये गेली, दार बंद आणि एक्झॉस्ट पंखा चालू.

सोसायटी आणि बाहेरची भिंत

गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे, पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती ही सोसायटीची जबाबदारी, घरातल्या संडास-बेसिनची गळती त्या त्या सदस्याची. ताईंची आधीची दोन्ही पत्रं काकांविरुद्ध होती. तिसरं पत्र आम्ही वेगळं लिहिलं: कोणाविरुद्ध नाही, फक्त निरीक्षणं, लाल पाण्याच्या चाचणीची सेक्रेटरींच्या सहीची नोंद, चिरेचे फोटो, आणि विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत घ्यावा ही विनंती. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे पत्र ऑगस्टमध्येच जाणं गरजेचं होतं. काका सभेत या विषयावर ताईंच्या बाजूने बोलले.

सभेत खरा वाद झाला तो किती भिंत करायची यावर. समितीचा कल फक्त तिसऱ्या मजल्यापुरती भिंत करण्याकडे होता. खर्च पाचव्या हिश्शावर येत होता. पण पाणी चौथ्या मजल्यावरच्या चिरेतून शिरून भिंतीच्या पोटातून खाली उतरत होतं. जिथे डाग दिसतो तिथे भरून उपयोग नव्हता. मी सभेला जाऊन हे चित्र काढून दाखवलं. पूर्ण डेड वॉलचा खर्च १ लाख ९० हजार निघाला आणि एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

काम डिसेंबरमध्ये झालं. पिंपळ नुसता उपटला नाही. चीर उघडून मूळ शेवटपर्यंत काढलं, कारण तुकडा राहिला तर तो पुन्हा फुटतो. सांध्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून पॉलिमर मॉर्टर भरलं, वर जाळी, मग लवचिक बाह्य रंगाचे दोन हात. काकांच्या पाइपभोवतीचं भोक त्यांच्याच खर्चाने बंद झालं.

आतला गिलावा

उघडी भिंत हिवाळाभर वाळत राहिली. मॉइश्चर मीटरचे आकडे गिलाव्यावर तंतोतंत खरे नसतात, म्हणून मी घरातली एक खात्रीची कोरडी भिंत प्रमाण धरली. पश्चिमेची भिंत त्या आकड्याशी येईपर्यंत गिलाव्याला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात जुळलं. सिमेंटचा गिलावा केला, पीओपी आणि जिप्सम टाळलं.

पाडव्याआधी रंग हवा, असा घरातून आग्रह आला. नव्या गिलाव्याला मुरायला आणि सुकायला चार आठवडे तरी द्यावे लागतात. गुढी राखाडी भिंतीशेजारीच उभी राहिली. रंग एप्रिलच्या मध्यावर लागला, वाफ आरपार जाऊ देणारा, प्लास्टिक इमल्शन नाही. आमच्या कामाचं बिल ५२ हजार झालं.

पुढचा पावसाळा

जून कोरडा गेला, म्हणजे भिंतीपुरता. जुलैत पश्चिमेची भिंत प्रमाण भिंतीइतकीच कोरडी होती. कपाटामागे नवी बुरशी नव्हती. मुलीचा खोकला त्या वर्षी कमी होता, नेब्युलायझर दोनदाच काढावा लागला. पण मधल्या काळात डॉक्टरांनी औषधही बदललं होतं, म्हणून हे श्रेय मी भिंतीला देत नाही.

मग जुलैच्या शेवटी फोन आला. दक्षिणेच्या खिडकीखाली वीतभर डाग. माझ्या पोटात गोळा आला. जाऊन पाहिलं तर खिडकीच्या खालच्या रुळात पाणी साचलेलं. सरकत्या खिडकीच्या रुळाला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. कोणीतरी कधीतरी सिलिकॉन भरताना ती बुजवली होती. शिवाय खिडकीखालच्या कडप्प्याचा उतार आत होता. वाऱ्याचा पाऊस आला की रूळ भरायचा आणि पाणी आत उतरायचं. आधीच्या वर्षी पश्चिमेच्या भिंतीच्या मोठ्या डागात हा डाग मिसळून गेला होता. भोकं मोकळी केली आणि सप्टेंबरनंतर कडप्प्याचा उतार बाहेर करून घेतला. खर्च दीड हजारांच्या आत.

आज हे काम पुन्हा आलं तर

पहिल्या भेटीत मी पॅनेल उचकटणार नाही, हे वर लिहिलंच आहे. दुसरं, पहिल्याच भेटीत खिडकीच्या रुळात तांब्याभर पाणी ओतून पाहीन. दोन मिनिटांचं काम आहे. दोन कारणं सापडल्यावर माझं शोधणं थांबलं, तिथेच तिसरं निसटलं. तिसरं, गादीसारख्या वस्तूबद्दल फोनवर निकाल देणार नाही. समोर बसून, हात लावून, दाखवून बोलेन. आणि तिसऱ्या मार्गाचे आठ महिने सुचवताना घरच्यांना महिन्यामहिन्याचं वेळापत्रक कागदावर देईन. ताईंनी नंतर सांगितलं की ऑक्टोबरमध्ये, भिंत उघडी आणि काम कुठलंच सुरू नाही, अशा दिवसांत त्या खचल्या होत्या. तेव्हा मी एक फोनही केला नव्हता.

एक गोष्ट अजून बाकी आहे. एसी हळूहळू २२ वर आला आहे. यजमानांना २६ वर झोप येत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये कपाटामागे ठेवलेल्या आर्द्रतामापकाने सकाळी ७४ टक्के दाखवले. ८० च्या खाली आहे, म्हणून बुरशी नाही, पण फरक थोडा आहे. कपाटाच्या खाली-वर हवेसाठी जाळीची भोकं पाडायला मी सुतार सुचवला आहे. ते काम यंदाच्या मे महिन्यात ठरलं आहे.